अभ्यासक्रमाची निवड : पालकांची अपेक्षा आणि विद्यार्थ्यांचा कल

दहावी आणि बारावीचे निकाल जाहीर झाले की देशभरातील लक्षावधी घरांमध्ये एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. पुढे काय ? विज्ञान, वाणिज्य की कला, अभियांत्रिकी की वैद्यकीय, गावातील महाविद्यालय की परगावचे वसतिगृह, असे अनेक प्रश्न या एका प्रश्नात सामावलेले असतात. निर्णय विद्यार्थ्याच्या आयुष्याचा असतो. परंतु शुल्क पालक भरणार असतात आणि वयाने, अनुभवाने तेच मोठे असतात. त्यामुळे निवड विद्यार्थ्याची असावी की पालकांची, यावरून अनेक घरांत मतभेद होतात. काही ठिकाणी ते बोलून मिटतात, काही ठिकाणी मुले मुकाट्याने मान तुकवतात आणि काही ठिकाणी त्याचे परिणाम अतिशय गंभीर होतात. या विषयाची पार्श्वभूमी, सध्याचे नियम आणि निर्णय घेताना उपयोगी पडणारी माहिती या लेखात दिली आहे.

निर्णयाचे दोन टप्पे

आपल्याकडे अभ्यासक्रमाची निवड दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा दहावीनंतरचा. या वेळी विद्यार्थ्याचे वय साधारणपणे पंधरा-सोळा वर्षांचे असते. महाराष्ट्रात अकरावीला कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांपैकी एक निवडावी लागते. कर्नाटकात हाच टप्पा पदवीपूर्व अभ्यासक्रम म्हणून ओळखला जातो. तेलंगण आणि आंध्र प्रदेशात त्यास इंटरमीजिएट म्हणतात. तेथे गणित गट आणि जीवशास्त्र गट अशी विभागणी प्रवेशाच्या वेळीच होते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम हे मार्गही खुले असतात. पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, ही बाब अनेक पालकांना ठाऊक नसते.

दुसरा टप्पा बारावीनंतरचा. या वेळी पदवीचा विषय, संस्था आणि शहर यांची निवड होते. विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान ठरतो, मतदानही करू शकतो. मात्र आर्थिकदृष्ट्या तो कुटुंबावरच अवलंबून असतो. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य आणि व्यवहारातील परावलंबन यांमधील ही विसंगती बहुतेक मतभेदांच्या मुळाशी असते.

दोन अभ्यासक्रमांचे आकर्षण

पालकांचा आग्रह बहुधा अभियांत्रिकी आणि वैद्यकीय या दोन क्षेत्रांसाठी असतो. यामागे इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर धरणे, पोलाद कारखाने, वीज केंद्रे आणि सार्वजनिक उद्योग उभे राहिले, तेव्हा अभियंत्यास हमखास नोकरी मिळत असे. खरगपूर येथे १९५१ मध्ये पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. आज अशा २३ संस्था आहेत. शासकीय महाविद्यालयांतील जागा मात्र दीर्घकाळ मोजक्याच राहिल्या. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतर शुल्क भरण्याची ऐपत असलेल्या, किंवा त्यासाठी कर्ज काढणाऱ्या, शेतकरी आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात हे शिक्षण आले. १९९० नंतर माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा विस्तार झाला आणि एका पिढीत घराची आर्थिक स्थिती पालटल्याची उदाहरणे गावोगावी दिसू लागली.

पालकांचा आग्रह अशा अनुभवातून आलेला असतो. ज्या घरात पहिली पक्की नोकरी शिक्षणामुळे आली, त्या घराला मुलाच्या इतिहासाच्या किंवा नाट्यशास्त्राच्या आवडीत धोका दिसणे स्वाभाविक आहे. आपण ज्या हलाखीतून गेलो ती मुलांच्या वाट्याला येऊ नये, ही भावना त्यामागे असते. ती समजून घेतल्याशिवाय मुलांना पालकांशी अर्थपूर्ण संवाद साधता येणार नाही.

मात्र पूर्वीचा अनुभव पुढील काळास जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. महाराष्ट्रातील अध्यापक पदविकेचे, म्हणजेच डी.एड.चे, उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकेकाळी डी.एड. झाले की शिक्षकाची नोकरी मिळणार, असा सर्वसाधारण समज होता. त्यामुळे मुलींसाठी विशेषतः हा अभ्यासक्रम सुरक्षित मानला जाई. २००० नंतरच्या दशकात विद्यालयांची संख्या वेगाने वाढली. पुढे शिक्षक भरती मंदावली, हजारो पदविकाधारक प्रतीक्षेत राहिले आणि अनेक विद्यालयांतील जागा रिकाम्या पडू लागल्या. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही २०१५ च्या सुमारास रिक्त जागांचा अनुभव आला. सुरक्षित मानला गेलेला मार्ग सर्वांनी एकाच वेळी धरला की त्याची सुरक्षितता कमी होते, हा यातून मिळणारा धडा आहे.

स्पर्धेचे प्रमाण

वैद्यकीय पदवीसाठीची राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजेच नीट, २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सुमारे सव्वा लाख आहेत आणि त्यांतील शासकीय महाविद्यालयांतील जागा त्याहून बऱ्याच कमी आहेत. अभियांत्रिकीसाठीच्या जेईई मुख्य परीक्षेस त्याच वर्षी १४ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, तर सर्व भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील पदवीच्या जागा सुमारे १८ हजार होत्या.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. मनापासून अभ्यास करणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनाही या ठराविक जागा मिळू शकत नाहीत. जागा न मिळणे हे विद्यार्थ्याच्या नालायकीचे लक्षण ठरत नाही. जागा आणि उमेदवार यांच्या प्रमाणाचा तो परिणाम असतो. ज्याला विषयाची ओढ आहे, तो दुसरा प्रयत्न उमेदीने करू शकतो. केवळ आईवडिलांच्या इच्छेखातर परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र अपयशानंतर पुन्हा उभे राहण्यासाठी आतून बळ मिळणे कठीण असते.

दबावाची विविध रूपे

दबाव म्हणजे रागावणे किंवा धमकी देणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. तो अनेकदा प्रेमाच्या आणि त्यागाच्या भाषेत येतो. शिकवणीसाठी जमीन गहाण ठेवली, दागिने मोडले, आईने नोकरी सोडली, अशा गोष्टींची वारंवार आठवण करून दिली जाते. चुलतभावाच्या किंवा शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना होते. वडिलांचा दवाखाना पुढे कोण चालवणार, असा प्रश्न विचारला जातो. मुलींच्या बाबतीत दबावाची दिशा काही वेळा उलट असते. शहराबाहेर नको, फार वर्षांचा अभ्यासक्रम नको, लग्नाच्या वेळी अडचण होईल, अशी कारणे देऊन तिच्या आवाक्यातील अभ्यासक्रमही नाकारला जातो.

दबाव दुसऱ्या टोकाकडूनही येऊ शकतो. मित्रांनी घेतली म्हणून एखादी शाखा घेणे, चित्रपटातील व्यवसायाच्या झगमगाटाला भुलणे किंवा गणिताच्या भीतीने विज्ञान टाळणे यालाही स्वतंत्र निर्णय म्हणता येत नाही. आपली आवड खरी आहे की क्षणिक, हे तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरही असते.

२००९ मधील 'थ्री इडियट्स' हा हिंदी आणि २०१० मधील 'शिक्षणाच्या आईचा घो' हा मराठी चित्रपट याच प्रश्नाभोवती गुंफलेले होते. दोन्ही चित्रपटांना मिळालेला प्रतिसाद पाहता, हा प्रश्न किती घरांच्या ओळखीचा आहे याची कल्पना येते.

न्यायालय आणि शासनाची भूमिका

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे असतात आणि कोणत्याही एका व्यक्तीवर किंवा एका परीक्षेवर त्याचे खापर फोडणे योग्य होणार नाही. तथापि या आकड्याने समाजास आणि शासनास विचार करण्यास भाग पाडले.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, गुणवत्तेची किंवा क्रमांकाची दिशाभूल करणारी आश्वासने देऊ नयेत आणि विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करावे, अशा तरतुदी त्यात आहेत. कोटा येथील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंसंदर्भातील याचिका नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने पालकांच्या वाढत्या अपेक्षांकडे लक्ष वेधले होते. उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरातील शिक्षण संस्था आणि शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि पालकांसाठीही जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यात नमूद आहे.

कोणता निर्णय बदलता येतो ?

घरातील वाद अनेकदा अपुऱ्या माहितीमुळे चिघळतो. आता चुकलो तर सर्व संपले, असे दोन्ही बाजूंना वाटत असते. प्रत्यक्षात काही निर्णय सहज बदलता येतात, तर काही बदलण्यास मोठी किंमत मोजावी लागते. त्यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे कला किंवा वाणिज्य शाखेत जाऊ शकतो. बारावी कला शाखेतून झालेल्या विद्यार्थ्यास मात्र अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे सहसा वळता येत नाही. म्हणूनच अनेक पालक पर्याय खुले राहावेत यासाठी विज्ञानाचा आग्रह धरतात. हा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याचा त्या विषयांकडे मुळीच कल नाही, त्याच्या बारावीच्या गुणांवर आणि आत्मविश्वासावर दोन वर्षांत विपरीत परिणाम होऊ शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

अनेक मार्गांना शाखेची अट नाही. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, हॉटेल व्यवस्थापन आणि अभिकल्प, म्हणजेच डिझाइन, यांचे बहुतेक अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास खुले असतात. सनदी लेखापाल परीक्षेचा पायाभूत टप्पा कोणत्याही शाखेतून बारावी झाल्यावर देता येतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल विभागास कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी पुरेशी आहे. वैद्यकीय क्षेत्रातही एक दार उघडले आहे. बारावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासह गणित घेतलेल्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण केल्यास त्यास नीट देता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अधिवासाच्या नियमांकडे विशेष लक्ष द्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर सर्वसाधारणपणे ८५ टक्के जागा राज्यांच्या कोट्यातून भरल्या जातात. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथे शिकलेला विद्यार्थी कोणत्या राज्याच्या कोट्यास पात्र ठरतो, हे प्रवेशाच्या एक-दोन वर्षे आधीच तपासून घेणे हिताचे असते.

नव्या धोरणातील लवचिकता

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवी शिक्षणाची रचना बदलत आहे. विद्यार्थ्यास एक मुख्य विषय आणि त्याबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील उपविषय घेण्याची मुभा आहे. एक वर्ष पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशी बाहेर पडण्याची आणि पुन्हा प्रवेश घेण्याची सोय त्यात आहे. मिळवलेली श्रेयांके शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. दोन पदवी अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परवानगी दिली.

घरातील मतभेद सोडवण्यासाठी या तरतुदी उपयोगी पडतात. मुलीला संस्कृत शिकायचे आहे आणि वडिलांना संगणकाचा आग्रह आहे, अशा घरात मुख्य विषय एक आणि उपविषय दुसरा, हा मार्ग निघू शकतो. अर्थात प्रत्येक महाविद्यालयात सर्व विषयांच्या जोड्या उपलब्ध नसतात. त्यामुळे प्रवेशापूर्वी माहितीपुस्तिका बारकाईने वाचावी.

प्रवेश घेतल्यानंतर तो चुकला असे वाटल्यास कागदपत्रांच्या भीतीने अडकून राहण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत आणि प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या मुदतीनुसार शुल्क परत करावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

खर्चाचा प्रश्न

पैशाचा प्रश्न मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे. अनेक पालक आर्थिक अडचण मुलांपासून लपवतात आणि नकारासाठी भलतीच कारणे देतात. त्यामुळे आपल्या आवडीला घरात किंमत नाही, असा मुलांचा समज होतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराविना शैक्षणिक कर्ज मिळते. खर्चाचा पूर्ण हिशेब मांडून, त्यात वसतिगृह, प्रवास आणि कर्जाचे हप्ते धरून, मगच हो किंवा नाही म्हणावे.

कल कसा ओळखावा ?

अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्याची क्षमता आणि अभिरुची म्हणजे त्या गोष्टीची आवड. या दोन्ही बाबी वेगळ्या आहेत. गाणे ऐकण्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाला रियाझ झेपेल असे नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची शासनातर्फे कलचाचणी घेण्यात आली. खाजगी आणि सेवाभावी संस्थांमध्येही मानसशास्त्रीय चाचण्या होतात. अशा चाचणीचा निष्कर्ष मार्गदर्शक मानावा, अंतिम निवाडा मानू नये.

चाचणीपेक्षाही प्रत्यक्ष अनुभव अधिक खात्रीचा असतो. विद्यार्थ्याने सुटीत त्या क्षेत्रातील व्यक्तीबरोबर काही दिवस घालवावेत. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असणाऱ्याने रुग्णालयातील गर्दी आणि रात्रपाळी पाहावी. वकिलीची इच्छा असणाऱ्याने न्यायालयात एक दिवस बसावे. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक आणून त्यातील दोन प्रकरणे वाचावीत. ज्या विषयाचे कंटाळवाणे भागही वाचवतात, त्या विषयाची आवड बहुधा खरी असते.

घरातील संवाद

संवादासाठी निकालाचा दिवस योग्य नसतो. शक्य असल्यास दहावी किंवा बारावीच्या वर्षाच्या प्रारंभीच शांतपणे बसावे. विद्यार्थ्याने केवळ मला आवडते एवढे न सांगता लेखी माहिती मांडावी. अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे, प्रवेश कसा मिळतो, खर्च किती, शिक्षणानंतर कोणती कामे मिळू शकतात आणि यश न आल्यास दुसरा मार्ग कोणता, या पाच प्रश्नांची उत्तरे तयार असली तर पालकांची निम्मी चिंता दूर होते. पालकांनीही आपली भीती नेमक्या शब्दांत सांगावी. नोकरी मिळणार नाही ही भीती, नातेवाईक काय म्हणतील ही भीती आणि मूल दुरावेल ही भीती, या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

एकमत झाले नाही, तर मामा, आत्या, आजोबा, शिक्षक किंवा समुपदेशक यांपैकी दोघांचाही विश्वास असलेली व्यक्ती मध्यस्थ घ्यावी. मुदतीचा करार हाही एक चांगला उपाय आहे. विद्यार्थ्यास त्याच्या पसंतीच्या अभ्यासक्रमासाठी एक वर्ष द्यावे, अपेक्षा आधीच ठरवून घ्याव्यात आणि वर्षाअखेरीस दोघांनी मिळून आढावा घ्यावा.

झोप उडणे, भूक मंदावणे, मित्रांना टाळणे, आवडत्या गोष्टींतून मन उठणे, आपण घरावर ओझे आहोत असे बोलणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी अभ्यासक्रमाची चर्चा पूर्णपणे थांबवावी, मुलाजवळ बसावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत दिवसरात्र उपलब्ध आहे.

इतिहासातील काही दाखले

हा प्रश्न आजचा नाही. अत्यंत गरिबीत शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी एम.ए.ची परीक्षा जवळ आली असताना, मोठ्या पगाराची आशा ठेवू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण लोकहितासाठी काम करणार आहोत, असे आईला पत्राने कळवले होते. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये वित्त सेवेत रुजू झाले. दहा वर्षे नोकरी सांभाळून त्यांनी संशोधन केले आणि १९१७ मध्ये कमी वेतनाचे प्राध्यापकपद स्वीकारले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. १९६९ मध्ये वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली.

या तिघांचे मार्ग भिन्न आहेत. एकाने आरंभीच घरच्यांना स्पष्ट सांगितले, दुसऱ्याने सुरक्षित नोकरी आणि आवड काही काळ एकत्र सांभाळली, तिसऱ्याने एक व्यवसाय यशस्वीपणे करून मग दुसरा निवडला. अशी माणसे थोडी असतात आणि त्यांच्या यशावरून प्रत्येकाने तसाच धोका पत्करावा असा निष्कर्ष निघत नाही. परंतु अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय शेवटचा नसतो, एवढे मात्र त्यावरून निश्चित म्हणता येते.

पदवीची तीन-चार वर्षे, वैद्यकीयची अंतर्वासितेसह साडेपाच वर्षे, आणि त्यानंतरचा चाळीस वर्षांचा व्यवसाय विद्यार्थ्याला स्वतः करायचा असतो. पहाटे उठून तो विषय त्यालाच वाचायचा असतो. पालकांजवळ अनुभव असतो, विद्यार्थ्याजवळ आपल्या मनाची माहिती असते. दोन्ही गोष्टी एकत्र मांडून घेतलेला निर्णय पुढे चुकला, तरी तो दुरुस्त करण्यासाठी घरातील सर्व जण सोबत उभे राहतात. एकट्याने लादलेला निर्णय चुकला, तर मुलाला ते घरी सांगण्याचीही सोय उरत नाही. यंदा ज्यांच्या घरी निकालाची प्रतीक्षा आहे, त्यांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी या चर्चेसाठी एक संध्याकाळ अवश्य राखून ठेवावी.